बुधवार, नाहीतर शुक्रवार

किशनरावांच्या दाढीला आठवड्यातले दोनच वार मोकळे होते. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा आणि रविवार तर घराण्याच्या खंडोबाचा. राहता राहिले बुधवार आणि शुक्रवार. एवढ्या देवांची मर्जी सांभाळून माणसाच्या गालावर जे काही उगवेल ते त्या दोन सकाळी काढायचं, हा त्यांचा नेम. शिरूर अनंतपाळच्या पलीकडच्या त्या गावात न्हाव्यालासुद्धा तो पाठ होता. पण यंदा न्हाव्याचं गिऱ्हाईक सुटलं, कारण किशनराव माळेगावच्या यात्रेतून आरसा घेऊन आले.

यात्रेला लोक घोडी बघायला जातात. किशनराव आरसा बघत बसले. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना जवळचं धड दिसत नव्हतं, आणि हा आरसा ताटलीएवढा गोल, पत्र्याच्या चौकटीत खिळ्यावर फिरणारा, दोन्ही बाजूंनी काचेचा. एका बाजूने साधा. दुसऱ्या बाजूने काच जराशी खोलगट, आणि तीत तोंड घातलं की गालावरचा एकेक खुंट ज्वारीच्या धाटाएवढा दिसे. ओसरीत, बाजेच्या वर, बसल्या बसल्या तोंड दिसेल अशा उंचीवर त्यांनी तो टांगला. पौषातलं ऊन तिरपं. उन्हाळ्यात अंगणातच अडणारं ऊन या दिवसांत पत्र्याखालून थेट त्या भिंतीपर्यंत येई. ऊन खात, बाजेवर बसून, खोलगट बाजूत बघत दाढी करायची आणि आरसा तसाच ठेवून शेताकडे निघायचं, असा म्हाताऱ्याचा थाट सुरू झाला. संध्याकाळी कुंकू लावताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई करवादत, "आगं बाई, नाक हाय का वांगं!" आणि आरसा उलटा फिरवून साधी बाजू पुढे करत. ती पुढच्या दाढीपर्यंत तशीच राही.

ऋतुजा या घरची सून. नांदेडची पोर, लग्नाला वर्ष झालेलं, पाचवा महिना लागलेला. सासऱ्यांना ती मामा म्हणे, सासूला आत्या. सासू जिभेची तिखट असली तरी मनाने वाईट नव्हती. सुनेला दिवस गेल्याचं कळल्यावर त्या बाईने सगळ्यांच्या आधी जुनं मऊ लुगडं फाडून टोपडं शिवायला घेतलं होतं. हे सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते वाईट माणसांनी केलं असतं तर ऋतुजाला एवढी भीती वाटली नसती.

पहिल्यांदा वाकळ जळली. बुधवारची सकाळ, ओसरीत कोणी नाही, बाजेवर गुंडाळलेल्या वाकळेतून धूर. ऋतुजाने घागरभर पाणी ओतलं. मामांच्या बिडीवर खापर फुटलं. म्हातारा "मी आज बिडी वढलीच न्हाई" म्हणत राहिला, पण बिडी ओढणाऱ्याच्या शब्दाला किंमत ती काय! शुक्रवारी बाजेच्या पाठीवर टाकलेल्या लक्ष्मीबाईंच्या पातळाला भोक पडलं. काठ करपलेलं, मधे रुपयाएवढं. या वेळी किशनराव बिडीसकट गावात गेलेले होते. पुढच्या बुधवारी बाजेवरचा बारदाना पेटला.

तेव्हा लक्ष्मीबाईंनी तो शब्द तोंडातून काढला. हळूच, पदराआडून.

"भानामती."

मराठवाड्यात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दोरीवरचे कपडे आपोआप पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात, चांगल्या घरच्या बाया कुत्र्यासारख्या भुंकायला लागतात. प्रत्येकाच्या आत्याच्या गावात एकदा झालेलं असतं, स्वतःच्या गावात कधीच नाही. आता या गावात झालं होतं. आणि भानामती कोणाच्या ना कोणाच्या हातून होते, हेही सगळ्यांना ठाऊक.

ऋतुजाने दहावी, बारावी, बीकॉम केलेलं. नांदेडात असती तर हसली असती. पण इथे तिने स्वतःच्या हाताने तो धूर विझवला होता, आसपास काडी नाही, निखारा नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. रात्री तिची झोप उडाली. कूस बदलली की वाटे, अंगाखालचं अंथरूण गरम होतंय. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. पण ज्याच्या पाठी तो लागतो त्याला म्हणींचा काय उपयोग?

त्यातच तिच्याकडून ती चूक झाली.

शुक्रवारी सकाळी ती अंगणात झाडत होती. कंबर सरळ करायला उभी राहिली आणि सहज ओसरीकडे पाहिलं. भिंतीवरच्या आरशात एक बाई लटकत होती. पाय वर, डोकं खाली. हातात झाडणी. तिच्या मागे कडुलिंब मुळं वर करून उभा, आणि त्याच्या शेजारून लक्ष्मीबाई आभाळात पाय रोवून, डोकं खाली करून चालत येत होत्या.

ऋतुजा किंचाळली. झाडणी टाकून तिने डोळे झाकले आणि जे दिसलं ते सगळं बोलून टाकलं. "आत्या, तुम्ही उलट्या! उलट्या दिसताय तुम्ही!"

लक्ष्मीबाईंनी जाऊन आरशात पाहिलं. तोंड जवळ नेऊन पाहिलं. त्यांना आपलं नाक दिसलं, वांग्याएवढं, पण सरळ. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"मला तर काय दिसून न्हाई राहिलं," त्या म्हणाल्या. "तुलाच कसं दिसतंय?"

आणि तासाभरात ते टोपडं जळलं. बाजेवर सुईदोऱ्यासकट ठेवलेलं. टाळूवर येईल बरोबर त्या जागी भोक. लक्ष्मीबाई ते हातात धरून मोठ्याने रडल्या, आणि ऋतुजा भिंतीला टेकून उभी राहिली. आतापर्यंत ते घराला लागलं होतं. आता ते पोटातल्या जीवाकडे निघालं होतं, असं दोघींनाही वाटलं. फरक एवढाच की एकीला ते बाहेरून येताना दिसत होतं आणि दुसरीला सुनेच्या अंगातून.

माणिकप्पा हा पलीकडच्या गावचा देवरशी. त्याने घरात पाऊल न ठेवता, अंगणातल्या मातीचा वास घेऊनच निदान केलं. "भायेरची न्हाई. घरातलीच हाय. बुधवार नाहीतर शुक्रवार, दोन वार धरून येती. गरवार बाईच्या अंगात लपून बसली हाय. लेकरू भाईर यायच्या आत काढावी लागंल, न्हाईतर लेकरू तिचं." येत्या शुक्रवारी, तिच्याच वारी, तो येणार होता. मिरच्यांची धुरी द्यायची, आणि ती नाव सांगेपर्यंत तापल्या विळ्याने तळहातावर चटके द्यायचे. तोवर बाईला एकटं सोडायचं नाही, मोबाइल द्यायचा नाही.

मोबाइल लक्ष्मीबाईंच्या कनवटीला गेला. मधला बुधवार ऋतुजाने आतल्या खोलीत, बाहेरून कडी लावलेल्या दाराआड काढला. त्या दिवशी बाजेची सुतळी जळाली. कडी असतानाही जळाली, म्हणजे ऋतुजाचा यात हात नाही असं कोणी म्हणावं? नाही. "बघा, कडीतूनबी भाईर येती," असं सगळे म्हणाले.

वैजनाथ, तिचा नवरा, साखर कारखान्यात कारकून. सुरुवातीला तो आईवर ओरडला होता. मग टोपडं पाहिलं आणि गप्प झाला. गुरुवारी दुपारी ऋतुजा मागच्या दाराने निघून एसटीच्या थांब्यापर्यंत पोहोचली, तेव्हा मोटारसायकलवर मागून तोच आला.

"मला नांदेडला जाऊ द्या," ती म्हणाली. "आईकडे जाते. पाया पडते तुमच्या."

"एक दिवसाचा सवाल हाय, ऋतुजा."

"धुरीनं लेकराला काय होईल, कळतं का तुम्हाला?"

"न्हाई केलं तर काय होईल, ते कळतंय मला." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी हाय ना. मी बाजूलाच थांबतो."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. तो खरोखरच बाजूला थांबणार होता, आणि चटके देताना तिचा हात धरायला सांगितलं तर तोही धरणार होता. परत येताना ती त्याच्या मागे बसली आणि रस्ताभर तिला एकच विचार छळत राहिला: यांचं खरं असलं तर? माझ्याच अंगात असलं तर? उलटी माणसं मलाच तर दिसली.

शुक्रवारी ऊन स्वच्छ पडलं. माणिकप्पा येणार म्हणून किशनरावांनी पहाटेच दाढी उरकली. घरात आग लागलेली असो की भानामती, शुक्रवार वाया घालवायचा माणूस तो नव्हे. तोंड धुऊन, पटका बांधून ते अंगणात खुर्ची टाकून बसले. सुनेकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

ऋतुजाला न्हाऊ घालून, केस मोकळे सोडून बाजेच्या एका टोकाला बसवलं, भिंतीकडे पाठ करून. समोर अंगणात शेगडी, शेगडीत विळा, शेजारी सुपात लाल मिरच्या. माणिकप्पा मांडी घालून बसलेला. वैजनाथ कबूल केल्याप्रमाणे बाजूला. विळ्याचं टोक आधी काळं होतं, मग तांबूस व्हायला लागलं. ऋतुजा त्या टोकावरून नजर हलवू शकत नव्हती. दोन्ही हात तिने पोटावर घट्ट धरले होते. देवाचं नाव घ्यावं तर तेही सुचेना.

"नाव सांग," माणिकप्पा म्हणाला.

ती काही बोलणार तोच तिला खांद्यावर सुई टोचल्यासारखं झालं. मग सुई तापली. लक्ष्मीबाईंनी किंकाळी फोडली, "पेटली! पेटली!" खांद्यावरच्या पदरातून निळसर धुराची रेघ वर चालली होती.

ऋतुजा उडाली. पदर झटकला, हाताने चोळला. तिच्या मनात एकच आलं की संपलं, माझ्यातच आहे. पण ती उठून बाजूला झाली आणि धूर तिच्याबरोबर आला नाही. तो बाजेवरच राहिला. ती जिथे बसली होती तिथल्या वाकळेवर हरभऱ्याएवढा एक पांढरा ठिपका होता, डोळ्यांना सहन होणार नाही इतका लख्ख, आणि त्याच्याखालचं कापड करपत होतं.

तिने हात पुढे केला. का केला ते तिलाही सांगता आलं नसतं. ठिपका तळहातावर चढला, चर्रकन भाजला, आणि वाकळेचा धूर थांबला. हात काढला, ठिपका परत वाकळेवर. हात घातला, परत हातावर. ती मागे वळली. भिंतीवरचा आरसा धगधगत होता, आणि त्यातून मान तिरकी करून पाहिलं तर अंगणातली सगळी माणसं डोक्यावर उभी होती.

अंतर्गोल आरसा. दहावीला तिने तो चार मार्कांसाठी पाठ केला होता. लांबचा सूर्य, किरणं एका बिंदूत, कागद जळतो. लांबची वस्तू, प्रतिमा उलटी. पेपर झाला आणि विसरून गेली. मामांची दाढी, मामांचे वार, तिरपं ऊन, वीतदोन वीत अंतरावरची बाज. सगळं एका ठिकाणी आलं आणि तिला रडू फुटलं.

"आरसा हाय हो!" ती ओरडली. "मामा, तुमचा दाढीचा आरसा! काही न्हाई माझ्यात! बघा, हे बघा!" तिने खिळ्यावरून आरसा काढला आणि त्यांना दाखवायला त्यांच्याकडे धरला.

उन्हाची तिरीप अंगणभर फिरली. माणिकप्पाच्या डोळ्यांवर गेली, तो हात आडवा धरून मागे कोसळला. किशनरावांची खुर्ची उलथली. भाजण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, लांबवर तो नुसता उजेड होता. शाळेतली पोरं एकमेकांच्या डोळ्यांवर पाडतात तसा. पण पळणाऱ्यांना ते कोण सांगणार?

"आली! बोलायला लागली!" माणिकप्पा तुळशीमागून ओरडला. "तिचं काही ऐकू नका! ती आता काहीबी सांगंल!"

"आत्या, खरंच सांगते, शाळेत शिकवलेलं..."

लक्ष्मीबाईंनी कानांवर हात ठेवले. वैजनाथ दोन पावलं मागे सरकला. त्याच्या तोंडाकडे पाहून ऋतुजाला कळून चुकलं. ती जे बोलेल ते आता तिचं नव्हतंच. रडली तर ती रडतेय, समजावलं तर ती फसवतेय. शेगडीतला विळा तांबडाभडक झाला होता, आणि सगळ्यांची भीती ओसरली की तो उचलणारे हात होतेच तिथे.

एवढ्या दिवसांत तिला एवढी भीती कधी वाटली नव्हती. त्या भीतीनेच तिला शहाणपण दिलं.

तिने रडू गिळलं. मोकळे केस तोंडावर येऊ दिले. आरसा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि घशाच्या तळातून, तिचा नव्हताच अशा आवाजात म्हणाली, "जीप बोलवा."

माणिकप्पा तुळशीमागे आणखी खाली वाकला.

"जीप बोलवा. हिला हिच्या आईकडं पोचवा. हिच्या अंगाला हात लावाल तर घर ठेवणार न्हाई."

"हाव माय, हाव," लक्ष्मीबाई जमिनीवर डोकं टेकत म्हणाल्या. "जा माय तू. आमाला सोड."

जीप आली, तीही लगेच. लग्नाच्या वऱ्हाडाला कधी इतक्या लवकर आली नव्हती. कनवटीचा मोबाइल पायाशी ठेवला गेला. पुढच्या सीटवर ती एकटी बसली, मांडीवर आरसा पालथा घातलेला, आणि ड्रायव्हर वाटेत एकदाही तिच्याकडे न बघता उदगीरपर्यंत आला. तिथे तिने नांदेडची बस धरली. तळहातावर फोड आला होता. पोटातलं बाळ हललं तेव्हा ती शेजारच्या अनोळखी बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

आरसा तिच्याबरोबर नांदेडला आला, आणि गावातल्या आगी थांबल्या. आता काय सांगायचं! कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली की लोक कावळ्याला धरतात. इथे तर कावळाच फांदी घेऊन उडाला होता. बुधवार गेला, शुक्रवार गेला, काही जळलं नाही. गावाची खात्री पटली. होती ती सुनेच्याच अंगात.

महिनाभराने वैजनाथ नांदेडला, तरोड्यातल्या तिच्या माहेरी आला. हातात केळी, पेढे. जिन्यावरून गच्चीत आला तेव्हा ऋतुजा वाळवण राखत बसली होती. बाजूला कठड्याला टेकून आरसा ठेवलेला. त्यात तो आला तो डोकं खाली, पाय वर. तिला हसू आलं नाही.

"घर आता शांत हाय," तो म्हणाला. "तू गेल्यापासून एकदाबी काही जळलं न्हाई. माणिकप्पा म्हणला, गेली ती, आता आणा सूनबाईला. आई वाट बघून राहिली. नवं टोपडं शिवलंय." मग आरशाकडे बघत, "बाबा म्हणले, आरसाबी घेऊन ये. त्यांना दाढीला लई तरास व्हायलाय."

ऋतुजाने आरसा उचलला, खोलगट बाजू उन्हाकडे धरली, थोडी तिरपी केली.

"हात पुढं करा."

"कशाला?"

"करा."

तो घाबरला, ते तिला दिसलं. तरी त्याने हात पुढे केला. पांढरा ठिपका त्याच्या मनगटावरून सरकत तळहाताच्या मधोमध येऊन थांबला. क्षणभर काही नाही. मग "आयो!" करून त्याने हात मागे ओढला. त्याने तळहाताकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं, वर सूर्याकडे पाहिलं. तिने मुद्दाम काही समजावलं नाही. वेळ लागला, पण बुधवार, शुक्रवार, बाज, बाबांची दाढी हे सगळं त्याच्या तोंडावर एकामागून एक उमटत गेलं.

"मग..." तो तळहात चोळत म्हणाला. "मग त्या दिवशी, जीप बोलवा म्हणली, ती कोण होती?"

"मीच होते."

तो खाली बसला.

"आदल्या दिवशी थांब्यावर तुमच्या पाया पडले मी," ऋतुजा म्हणाली. "तेव्हाही मीच होते. तेव्हा जाऊ दिलं न्हाई. तिनं म्हटल्यावर लगेच जीप आली."

"मला माहीत नव्हतं, ऋतुजा. आईशप्पथ सांगतो, मला वाटलं..."

"ठाऊक हाय काय वाटलं ते." तिने आरसा फिरवून साधी बाजू वर केली आणि पालथ्या परातीवर ठेवला. "आरसा मामांना घेऊन जा. भिंतीला उन्हात टांगू नका म्हणावं. आत, अंधाऱ्या कोनाड्यात ठेवा."

"आणि तू?"

खालून तिची आई चहाला हाक मारत होती. ऋतुजाने वाळवणावर बसलेलं पाखरू हुसकलं.

"मला आता बुधवारची भीती वाटत न्हाई," ती म्हणाली. "शुक्रवारचीही न्हाई. तुमची वाटते. ती कशानं जाते ते मला शाळेत शिकवलं न्हाई. चला, चहा निवेल."